तळघरातली टाकी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे बंब पेटत असे. आदल्या दिवशी चिंचेने घासून लखलखीत केलेला तांब्याचा बंब, त्याच्या पोटात घातलेल्या गोवऱ्या आणि ढलप्या, परसात पसरलेला धूर आणि त्यात मिसळलेला उटण्याचा वास, यांशिवाय जुन्या घरातली दिवाळी सुरूच होत नसे. आता बहुतेक बंब माळ्यावर गेले, नाहीतर मोडीत गेले. पण बंब काय किंवा चूल काय, महाराष्ट्रातल्या माणसाला घरात विस्तव लागतो तो एवढ्यापुरताच : दोन बादल्या पाण्यासाठी आणि चार माणसांच्या स्वयंपाकासाठी. थंडी फारच पडली तर अंगणात शेकोटी, नाहीतर आजीने शिवलेली गोधडी. सबंध घरच तापवायचे, ही कल्पना आपल्याला परकी. उलट घर थंड कसे राहील, याचीच विवंचना आपण चैत्रापासून करू लागतो.

परंतु जगात असे पुष्कळ प्रदेश आहेत, की जिथे विस्तव ही सोय नसून श्वासासारखी गरज आहे. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातला न्यू इंग्लंड हा त्यांपैकीच एक. मेन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट ही सहा राज्ये मिळून तो होतो. तिथे ऑक्टोबरात पेटलेली भट्टी एप्रिलपर्यंत विझू द्यायची नसते. जानेवारीच्या एखाद्या रात्री ती विझली, तर पहाटेपर्यंत भिंतींतल्या नळांतले पाणी गोठते, फुगते आणि नळ फोडून टाकते. मग बर्फ वितळले की घरातून ओढा वाहू लागतो !

या भट्टीला लागणारे तेल साठवणारी एक लोखंडी टाकी तिथल्या लाखो घरांच्या तळघरात, जिन्याखालच्या अंधारात उभी असते. पाहुण्यांना ती कोणी दाखवीत नाही. घरातल्या पोरांना तिचे भय वाटते आणि मोठ्यांना तिचा विसर पडतो. राजेरजवाड्यांच्या बखरी आपण पुष्कळ वाचतो. आज ही बखर एका टाकीची वाचू या. कारण तिच्यावरच्या त्या बोटभर काट्याने संप पाहिले, महायुद्ध पाहिले, अरबस्तानातली राजकारणे पाहिली. आणि घरच्या माणसाची दक्षता आणि हयगयही पाहिली.

*

टाकीच्या आधी तळघरात कोळसा होता. आणि कोळशाच्या आधी दिवाणखान्यात लाकडे. जंगल जवळ होते तोवर लाकडांवर भागले. एकोणिसाव्या शतकात पेनसिल्व्हेनिया राज्याच्या डोंगरांतून ॲन्थ्रासाइट नावाचा कठीण, चकचकीत, कमी धुराचा कोळसा निघू लागला आणि पूर्व किनाऱ्यावरची शहरे त्याच्यावर उबू लागली. रस्त्यावरून गाडी यायची, भिंतीतल्या झडपेतून घसरगुंडीवरून कोळसा धडाडत तळघरातल्या कोठीत पडायचा आणि घरभर काळी धूळ बसायची.

या भट्टीची चाकरी मात्र कठीण. पहाटे अंथरुणातून उठून तळघरात जायचे, राख झाडायची, नवा कोळसा फावड्याने घालायचा. रात्री निजण्यापूर्वी विस्तव राखेखाली असा दाबायचा, की तो विझूही नये आणि भडकूही नये. आपल्याकडे चुलीतला निखारा राखेत जपून ठेवणाऱ्या बायकांना ही विद्या सांगायला नको. राखेच्या बादल्या भरून बाहेर न्यायच्या, आणि पायवाटेवर बर्फाचा निसरडा थर असला की तीच राख त्यावर पसरायची. १८८५ साली मिनियापोलिसच्या अल्बर्ट बुट्झ या गृहस्थाने एक युक्ती काढली. घर थंड झाले की भट्टीचे हवेचे झाकण आपोआप उघडावे आणि उबदार झाले की मिटावे, असे ते यंत्र. त्यामुळे एक खेप वाचली. पण फावडे काही सुटले नाही.

आणि कोळसा माणसांनी खणायचा असतो, हे १९०२ साली साऱ्या देशाला कळले. त्या वर्षी मे महिन्यात ॲन्थ्रासाइट खाणींतल्या जवळजवळ दीड लाख कामगारांनी संप पुकारला. उन्हाळ्यात कोणाला फारसे वाटले नाही. पण शरद ऋतू आला, कोठ्या रिकाम्या दिसू लागल्या आणि शहरांच्या पोटात गोळा उठला. अखेर अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३ ऑक्टोबर रोजी खाणमालक आणि कामगारांचे पुढारी यांना वॉशिंग्टनला समोरासमोर बसवले. त्या दिवशी काही जमले नाही; पण त्याच महिन्यात संप मिटला आणि पुढे नेमलेल्या आयोगाने कामगारांना दहा टक्के पगारवाढ दिली. १९२५ च्या सप्टेंबरात पुन्हा संप झाला, तो ऐन हिवाळा ओलांडून १९२६ च्या फेब्रुवारीपर्यंत लांबला. तेव्हा मात्र पुष्कळ गृहस्थांनी मनाशी ठरवले, की आता या कोळशाच्या फंदात पडायचे नाही.

*

पर्याय तयारच होता. २७ ऑगस्ट १८५९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक याच्या विहिरीला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागले होते. प्रारंभी त्या तेलापासून मुख्यतः दिव्यांचे तेल काढीत. तेच पुढे पत्र्याच्या डब्यांत बसून समुद्र ओलांडून आपल्याकडे आले, आणि आपण त्याचे 'रॉकेल' आणि 'घासलेट' असे नामकरण करून टाकले. रॉकेल संपले तरी डबा संपत नसे. त्याला दांडी ठोकून त्याची बादली होई, तो कापून छपराला ठिगळ लागे, आणि त्यातच तुळसही रुजे. एकाच खडकातल्या तेलाने कोकणातल्या पडवीत चिमणी लावली आणि बोस्टनमधल्या तळघरात भट्टी पेटवली, हे नाते लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भट्टीत जळते ते तेल रॉकेलपेक्षा थोडे जड, आपल्या डिझेलचा सख्खा भाऊ. त्याला लाल रंग देतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या इंधनावर कर असतो, घर तापवायच्या तेलावर तो नसतो. तेव्हा कोणी घरचे स्वस्त तेल मोटारीत ओतले तर पोलिसाला ते रंगावरून ओळखता यावे, एवढाच त्या लालीचा अर्थ!

१९२० नंतरच्या दशकात घरगुती तेलाचे बर्नर बाजारात आले. पंपाने तेल दाबून सुईच्या अग्रासारख्या भोकातून फवारायचे, त्या फवाऱ्यात पंख्याने हवा सोडायची आणि विजेच्या ठिणगीने तो पेटवायचा, अशी ही रचना. पुष्कळांनी नवी भट्टी घेतलीच नाही. जुन्या कोळशाच्या भट्टीच्या राखेच्या दारातून बर्नर आत बसवला आणि कोळशाच्या कोठीच्या जागी टाकी ठेवली. एका दिवसात फावडे, बादली आणि पहाटेची खेप तिन्ही इतिहासजमा झाली. १९४० च्या जनगणनेत अमेरिकेतली शंभरातली सुमारे पंचावन्न घरे कोळशावर तापत होती आणि दहा तेलावर. १९६० साली कोळशावरची बारा उरली आणि तेलावरची बत्तीस झाली. वीस वर्षांत एवढी मोठी क्रांती झाली, आणि तिच्यासाठी एकही मिरवणूक निघाली नाही.

अर्थात ही वाट सरळ नव्हती. १९४२ च्या प्रारंभी जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजे बुडवू लागल्या. टेक्सासचे तेल न्यू इंग्लंडला पोहोचेना. त्या शरद ऋतूत घर तापवायच्या तेलावर शिधा बसला, कुपने आली. आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी पुन्हा कोळशाकडे वळावे, असा सरकारने आग्रह धरला. ज्यांनी जुन्या जाळ्या टाकून दिल्या नव्हत्या ते शहाणे ठरले. दुसरीकडे टेक्सासपासून पूर्वेकडे चोवीस इंच व्यासाची आणि साडेबाराशे मैलांहून लांब अशी तेलनळी टाकण्याचे काम १९४२ च्या ऑगस्टात सुरू झाले आणि एका वर्षात पुरे झाले. लोकांनी तिचे नाव ठेवले 'बिग इंच'. पाणबुडीला जमिनीखालची नळी बुडवता येत नाही.

*

आता प्रत्यक्ष टाकीकडे वळू या. तिचे नेहमीचे माप दोनशे पंचाहत्तर अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे एक हजार चाळीस लिटर. उभट, दोन्ही टोकांना गोलाई दिलेली, चार पायांवर उभी. भरली म्हणजे वजन एक टनाच्या आसपास. आणि हे सारे वजन पेलणारा पत्रा अडीच मिलिमीटरहून किंचित जाड. तिला भिंतीबाहेर निघणाऱ्या दोन नळ्या असतात : एक तेल भरायची, दुसरी आतली हवा बाहेर सोडायची.

या हवेच्या नळीत एक शिट्टी असते. न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा मागे सुट्टीवर आला होता, त्याने मला तिची गंमत सांगितली. म्हणाला, "मामा, तेलवाला घरात पाऊलही टाकत नाही. बाहेरूनच नळी जोडतो आणि कान देऊन उभा राहतो. तेल आत चालले की हवा शिट्टी वाजवीत बाहेर येते. शिट्टी थांबली की टाकी भरली. नळी जोडल्यावर शिट्टी वाजलीच नाही, तर मात्र एक थेंबही सोडायचा नाही." शांततेचा अर्थ धोका, असे सांगणारे असे यंत्र दुसरे क्वचितच असेल.

टाकीचा शत्रू आग नव्हे, पाणी. हवेच्या नळीतून दमट हवा आत जाते आणि टाकीच्या रिकाम्या भागातल्या थंड पत्र्यावर तिचे दव होते. भरायच्या तोंडाचे झाकण सैल असले तर पावसाचेही पाणी उतरते. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जाऊन बसते. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतूंची वसाहत होते. ते तेलावर जगतात, आंबटपणा निर्माण करतात आणि काळपट बुळबुळीत गाळ साठवतात. त्या गाळाखाली पत्रा आतून, तळाकडून, गुपचूप कुजत राहतो. बाहेरून टाकी रंगवलेली, धडधाकट दिसते. आणि एके दिवशी तिच्या पोटाखाली एक थेंब लोंबताना आढळतो. माणसांच्या पुष्कळ दुखण्यांचीही हीच तऱ्हा असते.

म्हणून जाणते गृहस्थ उन्हाळा संपताना टाकीची वार्षिक पूजा बांधतात. गाळणीतली वळकटी नवी घालायची, कारण तीत वर्षभराचा गाळ अडकलेला असतो. बर्नरचे ते सूक्ष्म भोक बदलायचे. ते जरा चोंदले तर ज्योत काजळते आणि तेल वाया जाते. मोजपट्टीच्या टोकाला एक लेप लावून ती तळापर्यंत सोडायची; पाणी असेल तर लेपाचा रंग बदलतो. टाकीच्या पोटावरून आणि सांध्यांवरून कोरडा कागद फिरवून पाहायचा. पाय गंजले नाहीत ना, हवेच्या नळीच्या तोंडाशी किड्यांनी घर केले नाही ना, हे बघायचे. टाकी तोटीच्या बाजूला किंचित उतरती असावी. उन्हाळ्यात ती भरलेली असावी, म्हणजे दव धरायला जागा उरत नाही. टाकी घराबाहेर असेल, तर कडाक्याच्या थंडीत तेल मेणासारखे दाटते; तेव्हा त्यात रॉकेल मिसळावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेल संपू देऊ नये. ते संपले की नळीत हवा शिरते. मग नुसते नवे तेल ओतून भट्टी पेटत नाही. ती हवा काढायला माणूस बोलवावा लागतो, आणि तो बहुधा मध्यरात्रीच बोलवावा लागतो.

तेल संपू नये म्हणून तिथल्या तेलविक्यांनी एक सुंदर हिशेब बसवला. दिवसाचे सरासरी तापमान पासष्ट अंश फॅरनहाइटच्या जितके खाली, तितके त्या दिवसाचे 'डिग्री डे'. म्हणजे सरासरी पस्तीस असेल तर तीस. अमुक घराला एक गॅलन तेल किती डिग्री डे पुरते, हे दुकानदाराच्या वहीत टिपलेले असायचे. रोजच्या थंडीची बेरीज करीत तो बसायचा. आणि तुमच्या टाकीत पावभाग उरला असेल त्या सुमारास, तुम्ही न बोलावता त्याची गाडी दारात उभी राहायची. आपल्या घरातली तूरडाळ केव्हा संपेल, हे आपल्याआधी ओळखणारे वाणी आपणही पाहिले आहेत. हे तेलविकेही बहुधा गावातलेच, पिढीजात धंदा करणारे. घरात म्हातारे माणूस एकटे आहे, किंवा या महिन्यात पैसे उशिरा येतील, हेही त्यांना ठाऊक असायचे.

*

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब तेलउत्पादक देशांनी अमेरिकेचे तेल तोडले. कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. ७ नोव्हेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्राला सांगितले, की घरातली ऊब सहा अंशांनी उतरवा. दिवसाची सरासरी अडुसष्ट अंश पुरे. पुढे २ फेब्रुवारी १९७७ रोजी अध्यक्ष कार्टर अंगात लोकरीचा स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर बसले आणि म्हणाले, की दिवसा पासष्ट आणि रात्री पंचावन्न ठेवा. तेलाच्या टाकीचा संबंध परराष्ट्रधोरणाशी असतो, हे त्या वर्षांत शाळकरी पोरांनाही समजले. गॅलनला वीस-बावीस सेंटला मिळणारे तेल १९८१ पर्यंत एका डॉलरच्या वर गेले. पगार तेवढे वाढले नव्हते. औषध घ्यावे की तेल, असा प्रश्न एकाकी म्हाताऱ्यांसमोर पडू लागला. म्हणून मग सरकारी मदतीची योजना निघाली. २००० साली हिवाळ्यात पुन्हा भाव भडकले, तेव्हा ईशान्येकडच्या राज्यांसाठी वीस लाख पिंपे तेलाचा राखीव साठा करण्यात आला. तो पहिल्यांदा उघडला गेला २०१२ साली, सँडी वादळानंतर.

त्या वादळाने टाकीचा आणखी एक गुण दाखवला. तळघरात पुराचे पाणी शिरले की अर्धी रिकामी टाकी होडीसारखी तरंगते, नळ्या तोडते आणि तेल पाण्यावर पसरवते. पाणी ओसरते, पण विटांत मुरलेला वास वर्षानुवर्षे जात नाही. म्हणून पुराच्या भागात टाकी पट्ट्यांनी जमिनीला जखडून ठेवावी, असे सांगतात.

आपल्या माणसांशी या टाकीची गाठ पडली ती १९६५ च्या कायद्यानंतर. त्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडले आणि मराठी डॉक्टर, इंजिनियर तिकडे जाऊ लागले. भाड्याच्या खोलीत होते तोवर ऊब ही मालकाची चिंता होती. मग पै पै साठवून न्यू जर्सीत, कनेक्टिकटमध्ये घरे घेतली आणि तळघरात जाऊन पाहतात तो ही टाकी ! काहींच्या नशिबी तर ती दिसणारीही नव्हती. एका काळी टाक्या अंगणात पुरण्याची रीत होती. घर दोनतीन हातांतून गेले, भट्टी गॅसवर आली, आणि मातीखाली टाकी आहे हेच सगळे विसरून गेले. पत्रा कुजला, तेल झिरपले, विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. आणि ज्याच्या नावावर घर त्याच्या गळ्यात सारा खर्च. माती खणून नेऊन शुद्ध करायची म्हणजे हजारो डॉलर, कधी त्याच्या कितीतरी पट. आणि घराचा विमा पुष्कळदा असल्या खर्चाला नकार देतो. आयुष्याची पुंजी अशी गवताखाली गेलेली कुटुंबे तिकडे आहेत. म्हणून तिथे घर घेणारा शहाणा माणूस आधी धातुशोधक यंत्र घेऊन अंगण धुंडाळतो. आपल्याकडे पूर्वजांनी पुरलेला हंडा शोधतात, तिकडे पूर्वजांनी पुरलेले संकट शोधतात.

हळूहळू कायदे आले. भट्टीकडे जाणारी तांब्याची नळी पूर्वी उघडीच सिमेंटखाली गाडीत. ती झिजली की तेल वर्षभर जमिनीत मुरायचे आणि घरधन्याला वाटायचे, यंदा थंडीच फार ! मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ साली कायदा करून, त्या नळीला आवरण तरी घाला किंवा गळती होताच बंद होणारी झडप तरी बसवा, असे फर्मावले. न्यू यॉर्क राज्याने २०१२ पासून या तेलातला गंधक जवळजवळ नाहीसा करवला, आणि २०१८ पर्यंत शेजारची राज्ये त्याच वाटेने गेली. भट्ट्यांतली काजळी कमी झाली, हवाही निवळली.

*

आता या टाकीचेही दिवस भरत आले आहेत. काही घरांत गॅस आला. काहींत बाहेरच्या थंड हवेतलीच ऊब विजेने ओढून आत आणणारी यंत्रे बसू लागली. घर तापवायला तेलावर सर्वांत जास्त अवलंबून असलेले राज्य म्हणजे मेन. त्या मेननेच २०१९ साली असली एक लाख यंत्रे २०२५ पर्यंत बसवण्याचा संकल्प सोडला आणि तो २०२३ सालीच पुरा केला. लाकडाची जागा कोळशाने घेतली, कोळशाची तेलाने, तेलाची आता वीज घेते आहे. प्रत्येक वेळी माणसाला वाटले, की सुटलो ! फावडे गेले तेव्हा कोळशाची धूळ गेली. पण तिच्या जागी न दिसणारा गंज आला. विस्तव बदलला तरी त्याची चाकरी कोणाला चुकली नाही. तिचे रूप तेवढे बदलले.

टाकी काढतानाची एक गोष्ट मात्र मला फार बोलकी वाटते. गॅस घेतलेल्या काही घरांतून टाकी उचलून नेली, पण भिंतीबाहेरची तेल भरायची नळी तशीच राहू दिली. पुढे एखाद्या दिवशी पत्ता चुकलेला तेलवाला आला, नळी जोडली आणि शेकडो गॅलन तेल रिकाम्या तळघराच्या जमिनीवर सोडून दिले ! असे प्रसंग एकदा नव्हे, अनेकदा घडले आहेत. म्हणून तिकडचे कारागीर सांगतात, की टाकी काढाल त्याच दिवशी नळीही काढा. नुसते झाकण लावून भागायचे नाही.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत आपण माळे झाडतो, भांडी घासतो, भिंतींना रंग देतो. पण स्वयंपाकघरातल्या गॅसची रबरी नळी शेवटची केव्हा बदलली, हे किती घरांत सांगता येईल ? ती पाच वर्षांनी बदलायची असते, आणि तिची तारीख तिच्या अंगावरच छापलेली असते. फराळाची कढई चढण्यापूर्वी एकदा ओट्याखाली वाकून ती तारीख वाचा.